खोल समुद्रातल्या प्रवाळांचा सांगाडा का विरघळतो: सांगलीच्या शाळेत करता येईल असा प्रयोग

विज्ञान प्रदर्शनात ‘महासागरांचे आम्लीकरण’ हा विषय आला की टेबलावर व्हिनेगरची वाटी, त्यात अंड्याचे कवच आणि वर येणारे बुडबुडे ठरलेले असतात. दिसायला छान, पण समुद्रात असे काही घडत नाही. व्हिनेगरचा सामू (pH; ७ च्या खाली आम्ल, वर अल्कधर्मी) अडीच-तीनच्या आसपास असतो. समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू औद्योगिक क्रांतीपूर्वी सुमारे ८.२ होता, तो आता सुमारे ८.१ आहे. म्हणजे समुद्र अजूनही अल्कधर्मीच आहे आणि या शतकात तो आम्ल होणारही नाही. तरी सामूचे माप लॉगरिदमवर चालत असल्याने ०.१ची घट म्हणजे हायड्रोजन आयनांत २५ ते ३० टक्के वाढ. हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत २८० होता तो ४२० च्या पुढे गेला आणि माणसाने सोडलेल्यातला साधारण पाव हिस्सा समुद्राने गिळला, त्याचा हा परिणाम.

खरा धोका आम्लाने भाजण्याचा नसून कार्बोनेटच्या टंचाईचा आहे. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड कार्बोनेट आयनाशी जुळतो आणि त्याचे बायकार्बोनेट होते. प्रवाळाला सांगाडा बांधायला कॅल्शियमबरोबर कार्बोनेट लागते. ते एका मर्यादेखाली गेले की पाणी सांगाड्यातूनच कार्बोनेट काढून घेऊ लागते. ही मर्यादा थंड आणि खोल पाण्यात लवकर गाठली जाते, कारण थंड पाण्यात वायू जास्त विरघळतो आणि दाबामुळे खनिजही जास्त विरघळते. खाली दिलेली मांडणी यातला थंडीचा भाग दाखवते: एकच सामू, दोन तापमाने, आणि विरघळते फक्त थंडातले. दाबाचा भाग शाळेत दाखवता येत नाही, तो तक्त्यावर लिहावा.

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्या. एप्रिलमध्ये सांगलीतली खोली ३५ अंशांवर जाते, पाण्यात शेवाळ व जंतू माजतात आणि आकडे हलतात. एकूण तीन आठवडे धरा.

सांगाड्याच्या जागी काय घ्यायचे

खोल समुद्रातले दगडी प्रवाळ आपला सांगाडा अ‍ॅरागोनाइटचा बांधतात. अ‍ॅरागोनाइट आणि कॅल्साइट ही दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचीच रूपे, पण अ‍ॅरागोनाइट जास्त विरघळते. म्हणून अंड्याचे कवच आणि संगमरवराचा चुरा इथे बाद, दोन्ही कॅल्साइट आहेत. फळ्यावरचा खडू तर बहुतेक वेळा जिप्समचा असतो, त्यात कार्बोनेट नसतेच; त्यावर आम्ल टाकून ‘काहीच होत नाही’ म्हणून हिरमुसलेली मुले दर प्रदर्शनात दिसतात. पोवळे घ्यावे तर तेही मॅग्नेशियम असलेले कॅल्साइट, शिवाय महाग. खरे दगडी प्रवाळ कोकणातून उचलून आणणे हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे, ते पहिल्या अनुसूचीत येतात. जुन्या कपाटात सापडलेला तुकडाही प्रयोगात घालू नका.

योग्य वस्तू आहे समुद्रफेस. माकूळ या मृदुकाय प्राण्याच्या अंगातले हे पांढरे, हलके कवच अ‍ॅरागोनाइटचे असते. काष्ठौषधीच्या दुकानात मिळते, पक्ष्यांचे खाद्य विकणाऱ्यांकडेही मिळते. ते सच्छिद्र असल्याने प्रवाळाच्या जुन्या, पोखरलेल्या सांगाड्याशी त्याची तुलनाही बरी जमते. अखंड, न पिवळटलेले तुकडे निवडा.

समुद्रफेसात काही सेंद्रिय भाग असतो. तो बाटलीत कुजला तर कार्बन डायऑक्साइड सोडतो, सामू आपोआप उतरतो आणि गरम बाटलीतही विरघळणे सुरू होते. मग सगळा प्रयोग फसतो आणि कारण कळत नाही. म्हणून मागची कडक पाठ चाकूने काढून टाका, मऊ भाग खलात कुटा, चहाच्या गाळणीतून चाळा. ती पूड कपडे धुण्याच्या ब्लीचमध्ये समप्रमाणात पाणी घालून दोन दिवस भिजत ठेवा. नंतर वास पूर्ण जाईपर्यंत बॅटरीत भरायच्या ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा. सात-आठ पाणी लागतात. ब्लीच राहिले तर सामू रंगाने दाखवणाऱ्या द्रावणाचा, म्हणजे दर्शकाचा, रंगच उडतो. शेवटच्या दोन धुण्यांत वर तरंगणारी अगदी बारीक धूळ ओतून द्या, कारण ती कुठल्याही पाण्यात थोडी विरघळते. सावलीत वाळवा.

समुद्राचे पाणी घरी बनवणे

रत्नागिरीहून कॅन भरून आणलेल्या पाण्यात किनाऱ्याचा गाळ, जंतू आणि खाडीचे गोडे पाणी असते. आपले पाणी आपणच बनवलेले बरे, म्हणजे सुरुवातीची क्षारता (अल्कलिनिटी, पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद; खारटपणा नव्हे) ठाऊक असते.

पाणी बॅटरीचे, म्हणजे ऊर्ध्वपातित घ्या. बोअरचे अजिबात नको. बेसाल्टच्या झिजेतून आलेले बायकार्बोनेट आपल्या बोअरच्या आणि कृष्णेच्याही पाण्यात भरपूर असते, त्यामुळे क्षारतेचा हिशेब पहिल्याच पायरीला चुकतो. दहा लिटरसाठी हे वजन करा:

मीठ, आयोडीन व इतर काही न मिसळलेले, शक्यतो प्रयोगशाळेचे सोडियम क्लोराइड: २७० ग्रॅम
मॅग्नेशियम सल्फेट, सात पाण्याचे (MgSO₄·7H₂O): ६० ग्रॅम
मॅग्नेशियम क्लोराइड, सहा पाण्याचे (MgCl₂·6H₂O): ५७ ग्रॅम
कॅल्शियम क्लोराइड, दोन पाण्याचे (CaCl₂·2H₂O): १५ ग्रॅम
पोटॅशियम सल्फेट: ८.५ ग्रॅम
खायचा सोडा: २ ग्रॅम

मॅग्नेशियम सल्फेट आणि पोटॅशियम सल्फेट तासगाव-मिरजेकडच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात द्राक्षवाल्यांसाठी ठेवलेले असते. दुसरे ०-०-५० नावाने मागा. दोन्ही पूर्ण विरघळणारी, पांढरी प्रत हवी. लाल पोटॅश चालत नाही. क्लोराइडे रसायनांच्या दुकानातून आणा आणि डबा उघडल्या उघडल्या वजन करा, ती हवेतले पाणी ओढतात. सोड्याचे २ ग्रॅम नेमके हवेत, पाच टक्के चूक म्हणजे आपण जे मोजणार आहोत तेवढीच चूक. किराणा दुकानाचा काटा इथे उपयोगाचा नाही, सोनाराकडचा ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा घ्या. बेकिंग पावडर म्हणजे सोडा नव्हे, तिच्यात आम्ल असते.

क्रम चुकवू नका. आठ लिटर पाण्यात मीठ आणि दोन्ही सल्फेटे विरघळवा, मग मॅग्नेशियम क्लोराइड. कॅल्शियम क्लोराइड वेगळ्या अर्ध्या लिटरमध्ये विरघळवा. ते विरघळताना तापते, थंड होऊ द्या आणि हलवत हलवत बादलीत ओता. खायचा सोडा वेगळ्या अर्ध्या लिटरमध्ये विरघळवून सगळ्यात शेवटी घाला. मग दहा लिटर पुरे करा. घट्ट कॅल्शियम आणि घट्ट सोडा एकमेकांना थेट भेटले तर दुधासारखा साका येतो. तो आला की पाणी फेकून द्या, गाळून चालत नाही, क्षारता गेलेली असते.

आता मत्स्यटाकीचा एअर पंप लावून हे पाणी एक दिवस-रात्र हवेशीर करा. पंप खिडकीबाहेर किंवा व्हरांड्यात ठेवून नळी आत आणा. साठ मुलांच्या बंद वर्गातली हवा बाहेरच्यापेक्षा दुप्पट-तिप्पट कार्बन डायऑक्साइडची असते आणि सामू ८च्या वर चढतच नाही. नीट हवेशीर झालेले पाणी पेन-मीटरवर ८.१ ते ८.२ दाखवते.

सामू मोजणे

सांगलीत पहिला मोह हळदीचा होतो. हळद इथे निरुपयोगी: ८.१लाही पिवळी आणि ७.७लाही पिवळीच, ती लाल होते त्याहून वर. प्रेक्षकांना दाखवायला फिनॉल रेड बरा, त्याचा पिवळ्यापासून लालपर्यंतचा प्रवास ६.८ ते ८.२ मध्ये होतो. पण आकडा मीटरचाच धरा. फवारणीच्या पाण्यासाठी द्राक्ष बागायतदार वापरतात तो ०.०१ वाचणारा पेन-मीटर पुरतो.

दर दिवशी ६.८६ आणि ९.१८च्या बफरने (ठरलेल्या सामूच्या द्रावणाने) मीटर जुळवा, ४.००चा बफर अनुमापनाच्या, म्हणजे आम्ल मोजून घालत क्षारता काढण्याच्या, दिवशी लागेल. थंड खाऱ्या पाण्यात मीटरची काडी (इलेक्ट्रोड) दोन-तीन मिनिटे स्थिर होऊ द्या. मीटरवर ‘तापमान भरपाई’ लिहिलेले असते तिचा अर्थ एवढाच, की तो काडीची चूक दुरुस्त करतो. पाण्याचा स्वतःचा सामू तापमानानुसार बदलतो त्याच्याशी तिचा संबंध नाही: बंद बाटलीतले तेच पाणी एका अंशाने तापले की सामू सुमारे ०.०१५ने उतरतो. फ्रिजमधली ७.७ची बाटली टेबलावर आणून तासाभराने मोजली तर ७.४ दिसेल. म्हणून थंड बाटली थंड असतानाच मोजा आणि वहीत प्रत्येक सामूशेजारी तापमान लिहा. तापमान न लिहिलेला सामू इथे कोरा कागद समजावा.

कार्बन डायऑक्साइड भरलेले पाणी

स्ट्रॉने फुंकणे सोपे, पण उच्छ्वासात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. थोडा वेळ फुंकले तर सामू साडेसहाच्या खाली जातो आणि वर थुंकीही पडते. बाजारातले सोडावॉटर नको, त्यात बऱ्याचदा खायचा सोडा मिसळलेला असतो. त्यापेक्षा आपल्याच खाऱ्या पाण्यात वायू भरून घट्ट साठा करा. त्याची मीठ आणि क्षारता बाटलीतल्या पाण्याइतकीच असल्याने तो कितीही घातला तरी बदलतो फक्त कार्बन डायऑक्साइड. प्रयोगातली सगळ्यात उपयोगी युक्ती हीच.

दोन लिटरच्या शीतपेयाच्या बाटलीत सव्वा लिटर कोमट पाणी, २०० ग्रॅम साखर आणि अर्धा चमचा बेकरीचे कोरडे यीस्ट. झाकणाला भोक पाडून नवी सलाइनची नळी बसवा, कडेने मेण किंवा सीलंट लावा. ही नळी आधी साध्या पाण्याच्या छोट्या बाटलीतून न्या, म्हणजे फेस पुढे जात नाही. तिथून निघालेली दुसरी नळी एअर-स्टोन लावून एक लिटर थंड खाऱ्या पाण्याच्या तळाशी सोडा. तासा-दोन तासांत बुडबुडे सुरू होतात. रात्रभर चालू द्या. नळी कुठेही चिमटू नका, यीस्टची बाटली कधीही घट्ट बंद करू नका, फुटते. खोलीची खिडकी उघडी हवी. सकाळी साठ्याचा सामू थंड असताना ५.५ किंवा त्याखाली असावा. लगेच गळ्यापर्यंत भरलेल्या काचेच्या बाटलीत बंद करून फ्रिजमध्ये ठेवा.

तीन बाटल्या

एक लिटरच्या, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटल्या घ्या. प्लॅस्टिकमधून कार्बन डायऑक्साइड हळूहळू निसटतो. प्रत्येकीत २ ग्रॅम पूड. जमल्यास प्रत्येक प्रकारच्या दोन-दोन बाटल्या ठेवा. एकट्या बाटलीवर परीक्षक विश्वास ठेवत नाहीत, आणि त्यांचे बरोबर आहे.

पहिली फ्रिजमध्ये ५ अंशांच्या आसपास, सामू ८.१. दुसरी फ्रिजमध्ये, सामू ७.७. तिसरी खोलीत सुमारे २५ अंशांवर, सामूही ७.७.

थंड बाटल्यांचे पाणी आधी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सामू जुळवायचा तो पूड घालण्यापूर्वी: बाटली जवळजवळ भरा, साठा पिपेटने तळाशी सोडा, एकदा उलटी-सुलटी करा, मोजा. साठ्याचा सामू ५.२ असेल तर लिटरला साधारण १० मिली लागतो, ५.५ असेल तर त्याच्या दुप्पट. शेवटचे थोडे थोडे घाला, ७.७च्या खाली गेलात तर हवेशीर पाणी घालून परत वर आणा. मग पूड घाला, काठोकाठ भरा, हवेची जागा न ठेवता बंद करा. दिवसातून दोनदा हलवा. फ्रिज नसेल तर थर्मोकोलच्या पेटीत बर्फ, पण तो सकाळ-संध्याकाळ भरणारे कोणीतरी हवे.

७.७ हाच आकडा का? २५ अंशांवर या पाण्यात अ‍ॅरागोनाइट विरघळू लागायला मीटरवर साधारण ७.५च्या खाली जावे लागते. ५ अंशांवर ते ७.९च्या जवळच सुरू होते. ७.७ या दोहोंच्या मध्ये पडतो, आणि मीटर ०.१ने चुकला तरी निकाल उलटत नाही.

क्षारता मोजणे

पुडीचे वजन करून काही हाती लागत नाही. विरघळते ते लिटरला पाच-सात मिलिग्रॅम, गाळणकागदावर चिकटून राहणारी पूड त्याहून जास्त. म्हणून पाण्याची क्षारता मोजायची. कॅल्शियम कार्बोनेटचा एक रेणू विरघळला की क्षारता दोनाने वाढते. शिवाय कार्बन डायऑक्साइड आला-गेला तरी क्षारता बदलत नाही, त्यामुळे मोजताना बाटली उघडी राहिली तरी घाबरायचे कारण नाही.

चार दिवसांनी प्रत्येक बाटलीतून १२० मिली पाणी काढून लगेच गाळणकागदातून गाळा. पहिले २० मिली फेका, पुढचे १०० मिली अनुमापनाला. गाळणे टाळलेत तर पुडीचे कणच ब्युरेटमधल्या आम्लात विरघळतात आणि वाढ दुप्पट-चौपट दिसते. चांगला दिसणारा खोटा निकाल बहुधा इथूनच येतो. ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाचे १०० मिली ऊर्ध्वपातित पाण्याने ५०० मिली करा, म्हणजे ०.०२ नॉर्मल झाले. मीटर पाण्यात ठेवून ढवळत आम्ल सोडा, सामू ४.५ला थांबा. मिथिल ऑरेंजही चालतो, पण रंग ओळखणारे डोळे दर वेळी तेच असू द्या.

आधी बाटलीत न घातलेले मूळ पाणी तपासा. लिटरला ०.२ ग्रॅम सोडा घातला असेल तर १०० मिलीला ११.९ मिली आम्ल लागले पाहिजे. खूप वेगळे आले तर आम्लाची तीव्रता किंवा सोड्याचे वजन चुकले. थोडेच वेगळे असेल तर तोच तुमचा पाया समजून पुढे जा.

पहिल्या आणि तिसऱ्या बाटलीत आकडा पायाजवळच राहतो. दुसरीत साधारण अर्ध्या मिलीने वाढतो आणि तिथेच थांबतो, कारण विरघळलेले कार्बोनेट पाण्याला पुन्हा मर्यादेवर आणते. ब्युरेटचा लहानात लहान भाग ०.१ मिली, तेव्हा प्रत्येक मोजणी तीनदा करा. फरक ठसठशीत हवा असेल तर मध्ये न मोजता दर चौथ्या दिवशी दुसऱ्या बाटलीचा सामू साठा घालून परत ७.७वर आणा, आणि तीन फेऱ्यांनंतर एकदाच मोजा; वाढ सव्वा मिलीच्या आसपास जाते. समुद्रातही वरून येणारा कार्बन डायऑक्साइड थांबलेला नाही, त्यामुळे ही पद्धत अप्रामाणिक नाही. तिसऱ्या बाटलीलाही तेवढ्याच वेळा उघडून तिचा सामू तपासा.

तिसरीतही क्षारता वाढली तर तिचा सामू बघा. ७.५च्या खाली उतरलेला असेल तर पूड नीट ब्लीच झालेली नाही. पहिलीत वाढली तर गाळणकागद फाटलेला असण्याची शक्यता जास्त.

टेबलावर दाखवायचा भाग

आकडे परीक्षकांसाठी, गर्दीला काहीतरी मोडताना दिसावे लागते. समुद्रफेसाच्या मऊ भागाच्या ५ सेंमी लांब, १ सेंमी रुंद, अर्धा सेंमी जाड पट्ट्या कापा, किमान पंधरा. पाच कोऱ्या हवेशीर पाण्यात, पाच कोऱ्या वायूभरल्या साठ्यात, पाच पट्ट्या पूर्ण मेणात बुडवून त्याच साठ्यात. पट्ट्या तरंगतात, मोठ्या सिरिंजमध्ये पाण्यासह घालून, तोंड अंगठ्याने दाबून दट्ट्या ओढला की आतली हवा निघते आणि त्या बुडतात. साठा रोज बदला, लिटरला पाच पट्ट्या, आठवडाभर. मग धुऊन वाळवा, ४ सेंमी अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवा, मधोमध पिशवी अडकवा आणि मोडेपर्यंत वाळू ओता. वाळूचे वजन लिहा. समुद्रफेस तुकड्यागणिक वेगळा असतो, म्हणून पाचांची सरासरी, आणि शक्यतो तिन्ही गटांत एकाच कवचाच्या पट्ट्या.

शेजारी ठळक लिहा: ‘हे पाणी भविष्यातल्या समुद्रापेक्षा कितीतरी आम्ल आहे, परिणाम लवकर दिसावा म्हणून.’ हे न लिहिता ही मांडणी ठेवणे म्हणजे पुन्हा व्हिनेगरची वाटीच.

मेणाचे थर म्हणजे जिवंत प्रवाळाचे मांस. लोफेलिया पर्टुसा, ज्याला आता डेस्मोफायलम पर्टुसम म्हणतात, या प्रवाळाच्या वसाहतीत जिवंत भाग फक्त टोकांना असतो, खाली पिढ्यान्‌पिढ्यांचा मेलेला, उघडा सांगाडा. जिवंत भाग मांसाने झाकलेला असतो आणि ऊर्जा खर्चून सांगाडा बांधत राहू शकतो. उघड्या भागाला ती सोय नाही. तो सच्छिद्र होतो, कमजोर होतो, आणि वरचे जिवंत झाड त्याच्यासकट कोसळते. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ अ‍ॅरागोनाइट विरघळवणाऱ्या पाण्यात असे प्रवाळ जिवंत सापडले आहेत, पण मोठी चौकट उभी राहिलेली नाही. मासे आणि इतर प्राणी आसऱ्याला येतात ते त्या चौकटीत. नॉर्वेच्या लोफोतेन बेटांजवळ ३०० ते ४०० मीटर खोलीवरची, २००२ मध्ये सापडलेली रोस्ट प्रवाळभिंत ३५ किलोमीटरहून लांब आहे आणि तिच्यातही जिवंत टोकांखाली असाच मेलेला सांगाडा आहे.

हमखास विचारले जाणारे दोन प्रश्न. ‘हे प्रवाळ गरम पाण्याने पांढरे पडतात का?’ पांढरे पडणे म्हणजे प्रवाळाच्या अंगात राहणारे शैवाल निघून जाणे. खोल, अंधाऱ्या पाण्यातल्या या प्रवाळांत ते शैवाल नसतेच, ते प्लवक पकडून जगतात. ‘मग किती खोलीपर्यंत धोका?’ ज्या खोलीखाली अ‍ॅरागोनाइट विरघळते ती रेषा उत्तर अटलांटिकमध्ये २,००० मीटरच्याही खाली आहे, उत्तर पॅसिफिकमध्ये काहीशे मीटरवरच, आणि सगळीकडे वर सरकते आहे. उत्सर्जन असेच राहिले तर शतकाअखेर ज्ञात खोल प्रवाळवस्त्यांपैकी सुमारे ७० टक्के या रेषेखाली जातील असा २००६चा बहुचर्चित अंदाज आहे. तक्त्यावर तो ‘अंदाज’ म्हणूनच लिहा.

काम संपल्यावर खारे पाणी शाळेच्या बागेत ओतू नका. लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार आहेत, आणि वाळवा-मिरज पट्ट्यात क्षारपड जमीन काय असते हे कुणाला सांगायला नको. भरपूर पाण्याबरोबर गटारात सोडा. यीस्टचे साखरपाणी मात्र कंपोस्टवर चालते.